शिरीषचं कच्चं बोलणं

शिरीष करंदीकर आजारी पडल्यापासून फार छान बोलू लागला होता, याबद्दल सांगलीतल्या त्याच्या ओळखीच्या माणसांत दुमत नव्हतं. आजारापूर्वी तो मुळात बोलायचाच कमी, आणि बोलला तर समोरच्याच्या अकलेविषयी. आता मात्र भेटायला आलेल्याची तो आपुलकीने चौकशी करी, वाक्य अर्धवट सोडत नसे आणि गप्पा रंगात आल्या असताना उठून जात नसे. उठून जाणं त्याला शक्यच नव्हतं, हा भाग वेगळा.

दोन वर्षांपूर्वी मेंदूच्या देठाशी रक्ताची गुठळी अडकली आणि मानेखालचा शिरीष एका दुपारी निकामी झाला. जीभ गेली, हातपाय गेले. पापण्या मिटत-उघडत, पण त्यांच्या मर्जीने. त्यामुळे पापणीच्या उघडझापीवरून हो-नाही ओळखायची जुनी पद्धतही त्याला लागू पडेना. ऐकू सगळं येत होतं, कळत सगळं होतं. डॉक्टर म्हणाले, माणूस आत शाबूत आहे, फक्त बाहेर यायची वाट बंद झालीय.

ती वाट उघडायला ‘मुखर’ बसवला. त्या सुमारास असली यंत्रं श्रवणयंत्राइतकी सर्रास झाली होती. मेंदूच्या ज्या भागातून ओठांना आणि जिभेला हुकूम सुटतात, तिथे नखाएवढी पट्टी चिकटवायची. माणसाने मनात ‘पाणी’ म्हणायचा प्रयत्न केला की पट्टीला कुजबुज ऐकू येते. पण ती कुजबुज अस्पष्ट असते. आता आला तो ‘प’ होता की ‘ब’, हे पट्टीला खात्रीने सांगता येत नाही. म्हणून गळ्यापाशी लावलेल्या डबीत एक अंदाज करणारं यंत्र असतं. हा माणूस एरवी कसा बोलतो, हे त्याला शिकवलेलं असतं. कुजबुजीत जिथे भोकं पडतात, तिथे ते सवयीचं ठिगळ लावतं आणि पुरं वाक्य माणसाच्याच आवाजात बोलून टाकतं.

सवय शिकवायची तर नमुने लागतात. कंपनीच्या माणसाने सांगितलं, यांनी आजवर जे बोललं-लिहिलं असेल ते सगळं द्या. शिरीषच्या बायकोने, वैजयंतीने, तीसेक वर्षांच्या संसारात नवऱ्याचे फोनवर आलेले निरोप काढून दिले. ते एका पानावर मावले. निघालो. दूध आणतो. किल्ली कुठे. हो.

बाकीचा शिरीष भरतेश मगदूमकडे होता.

भरतेश हा शिरीषचा शाळेपासूनचा मित्र. साखर कारखान्यात मोजमापाची उपकरणं सांभाळून निवृत्त झालेला, बायको नसलेला, आणि ती का नाही हे विचारायची कुणाला हिंमत झाली नाही असा. दर रविवारी सकाळी तो शिरीषकडे यायचा, मागच्या खोलीत शिरायचा आणि जेवायला चार हाका माराव्या लागायच्या. त्या खोलीत कॉम्प्युटर होता. शिरीषच्या मामांनी तो शाळकरी वयात त्याला परदेशातून आणून दिलेला. रबरी बटणांचा, टीव्हीला जोडायचा, कॅसेटवरून प्रोग्रॅम वाचणारा. त्याची सगळी स्मृती अट्ठेचाळीस किलोबाइट. आजच्या साध्या मिक्सरलाही या आकड्याची लाज वाटली असती.

चाळीसहून अधिक वर्षं या दोघांनी त्या डब्याला सुधारण्यात घालवली. फुगलेले कपॅसिटर बदलले, बटणांखालचा फाटका पडदा नवा घातला, कॅसेटच्या जागी कार्ड बसवलं, स्मृतीचा जादा बोर्ड जोडला, आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनात एकेक करून देवनागरी अक्षरं काढली. ‘क्ष’वरून एकदा त्यांचं आठवडाभर बोलणं बंद होतं. भरतेशला सुधारणा म्हटलं की हातात ड्रिल घ्यावंसं वाटे. शिरीष म्हणे, लेका, जे बसवशील ते उद्या काढता आलं पाहिजे, आणि काढल्यावर खूण राहता कामा नये. ओळींचे नंबर दहा-दहाने टाकायचे, कारण मधे काय विसरलोय ते नंतरच सुचतं.

हा कॉम्प्युटर करतो काय, असं पाहुणे विचारत. काही करत नाही, हेच खरं उत्तर होतं, आणि हाच त्याचा गुण होता. जगातली एकूण एक वस्तू आता माणसाच्या मनातलं ओळखत होती. रिक्षा पत्ता सांगण्याआधी निघे; फ्रिज भूक लागण्याआधी दूध मागवे. हा एकच डबा असा होता की चुकीचं टाइप केलं तर चुकलंय एवढंच सांगे. तुम्हाला काय म्हणायचं असेल, हे आपल्या मनाने ठरवत नसे.

तर रविवारच्या मधल्या सहा दिवसांत हे दोघे एकमेकांना फोनवर आवाजी निरोप पाठवत. पंधरा वर्षांचे निरोप भरतेशने जपून ठेवले होते. तासन् तास शिरीष. चिडलेला, हसणारा, सोल्डरच्या धुराने खोकणारा. ते सगळं त्याने कंपनीला दिलं, आणि देताना त्याला जरा अभिमानच वाटला.

परिणाम असा झाला की शिरीष घरात बायकोशी मित्रासारखा बोलू लागला.

सुरुवातीला वैजयंतीला त्याचं हसू यायचं. ती भरतेशला सांगे, “भाऊजी, काल मी म्हटलं पाठ फार दुखतेय, तर म्हणाला, आधी पुरवठा बंद कर, थोडं गार होऊ दे, मग बघू. मी पडून राहिले. बरं वाटलं.” एकदा तिने विचारलं, माझ्या हातची आमटी तुला आवडायची ना रे. त्यावर मुखर म्हणाला, झकास, पण ग्राउंड एकदा तपासून घे. ती हसता हसता थांबली आणि ताट उचलायला गेली. तीस वर्षं जो माणूस गप्प होता तो आता अखंड बोलत होता, आणि त्यातलं एकही वाक्य तिच्यासाठी बनलेलं नव्हतं.

भरतेशला हे कळत होतं. त्याला वाईट वाटायचं. आपल्याला शिरीष सबंध मिळतो आणि वहिनींना उरलासुरला, याचं वाईट वाटण्यात जेवढा आनंद असतो, तेवढा त्याला व्हायचाही.

मुलगी ऋजुता कोइमतूरला होती. तळमजल्याचं घर, दाराशी उतार, शेजारी नर्सबाई, सगळी तयारी करून ती आईला म्हणत होती, तुम्ही दोघं इकडे या. वैजयंतीची पाठ शिरीषला पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर घेऊन घेऊन वाकली होती. मणक्यांची हाडं ठिसूळ झालीयत, वजन उचलू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते घरात वजन नसलेल्या नवऱ्यांच्या बायकांना सांगायला ठीक होतं. रोज एक बाई मदतीला यायची, पण ती दुपारनंतर.

जायचं का, असं वैजयंतीने शिरीषला तीन-चारदा विचारलं. दर वेळी मुखर म्हणाला, “मशीन टाकून मी कुठं येऊ? रविवारी भरत्या यायचाय.”

ती राहिली. नवऱ्याची इच्छा म्हणून राहिली, आणि भरतेशनेही सांगितलं की वहिनी, त्याचा जीव आहे हो त्या मशीनमध्ये.

मग कंपनीचा तंत्रज्ञ वार्षिक तपासणीला आला. योगायोगाने रविवार होता. त्याने हातातल्या डिजिटल पाटीवर आकडे पाहिले आणि सगळं उत्तम असल्याचं सांगितलं. पट्टीभोवती मेंदूने थोडी जखमेची साय धरलीय, असं व्हायचंच, त्यामुळे कुजबुज क्षीण झालीय. पण काळजी नको, डबी आपोआप अंदाजाचा वाटा वाढवते. बोलणं उलट सुधारलं असेल, नाही का? वैजयंती म्हणाली, हो, फारच. भरतेशने पाटीवर डोकावून पाहिलं. अंदाजाचा वाटा शंभरात त्र्याऐंशी होता.

म्हणजे आवाज जितका ओघवता होत होता, तितका त्यातला माणूस कमी होत होता. तंत्रज्ञाने समाधानाचा अभिप्राय मागितला. मुखरने स्वतःच पाच तारे दिले.

संध्याकाळी ऋजुताला फोनवर हे कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, मग यायचं नाही असं बाबा म्हणतायत की डबी? प्रश्न सरळ होता. वैजयंतीने फोन ठेवला आणि भरतेशकडे पाहिलं.

“भाऊजी, तुम्हाला यातलं कळतं. त्याचं खरं काय आहे ते काढा. तो म्हणेल तसं करू. जायचं म्हणाला तर जाऊ, राहायचं म्हणाला तर मी परत विचारणार नाही.”

भरतेशने कबूल केलं. त्याला निकालाविषयी शंका नव्हती. अंदाज त्र्याऐंशी असो की शंभर, शिरीष सांगली सोडणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. आणि खरं सांगायचं तर त्याला शिरीष ऐकायचा होता. कच्चा. डबीने गोड केलेला नव्हे, तर तिरसट, अर्धं वाक्य तोडणारा, ड्रिल दिसलं की अंगावर येणारा. गेल्या दोन वर्षांत भरतेशने मुद्दाम वाकडंतिकडं सोल्डर करून पाहिलं होतं. मुखर ‘वा’ म्हणाला होता.

डबीला दुरुस्तीसाठी एक खिडकी ठेवलेली होती. तिच्यातून पट्टीचा मूळ माल बाहेर यायचा. क्षणाक्षणाला एक ध्वनी, आणि त्याच्यापुढे तो किती जोरात आला त्याचा आकडा. नव्या यंत्रांना तो जोडला असता तर त्यांनी लगेच वाक्यं बनवायला घेतली असती. ती त्यांची खोडच. जुन्या कॉम्प्युटरमध्ये अंदाज मावण्याएवढी जागाच नव्हती. भरतेशने दोन रविवार खपून एक बोर्ड जोडला आणि प्रोग्रॅम लिहिला. साधाच. ध्वनी घे. त्याचा जोर ठरावीक उंबरठ्याच्या वर असेल तर अक्षर काढ. नसेल तर जागा मोकळी सोड.

तिसऱ्या रविवारी त्याने शिरीषची खुर्ची मागच्या खोलीत ढकलत आणली, मुखरचा आवाज बारीक केला आणि टीव्ही लावला. वैजयंतीला सांगितलं, आधी चाचणी घेतो, मग बोलावतो. शिरीषची सुरुवात कोणत्या शिवीने होईल, याची त्याने स्वतःशी पैज लावली होती.

बराच वेळ काही आलं नाही. मग पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात त्यांनीच ठिपका ठिपका करून काढलेलं एक अक्षर उमटलं. मग दुसरं.

वै जू

मोकळी जागा. एक भलतंच अक्षर. पुन्हा मोकळी जागा.

द म ली

भरतेश पुढे सरकला. पुढची अक्षरं यायला चहा निवायला लागतो तेवढा वेळ गेला.

जा ऊ

याच वेळी डबीतून बारीक आवाजात शिरीष म्हणत होता, “वा रे भरत्या, झकास चाललंय. पुढच्या रविवारी स्मृतीचा बोर्ड काढू.”

आता कुणीही सांगावं, यातलं कुणाचं ऐकायचं. एक शिरीषचा आवाज होता, त्याचे शब्द, त्याची ढब, वर भरत्या ही हाक. दुसरी पडद्यावरची आठ-दहा तुटकी अक्षरं होती, आणि त्यांच्यात भरतेशचं नावही नव्हतं.

कारखान्यातल्या नोकरीत भरतेशला एक चांगली सवय लागली होती. उत्तर काय यायला हवं ते आधी माहीत असावं. आलेलं उत्तर वेगळं असेल तर यंत्रात बिघाड शोधावा. याच सवयीने त्याने कारखान्याचा बॉयलर एकदा वाचवला होता. त्याने वही-पेन्सिल न घेता मनातच ठरवून टाकलं की प्रोग्रॅममध्ये चूक आहे.

वैजयंती दारात आली तेव्हा त्याने टीव्ही बंद केला होता. म्हणाला, अजून नीट बसलं नाही.

पुढचे कित्येक रविवार तो चूक शोधत राहिला. तारा बदलल्या, पुरवठा स्वच्छ केला, बोर्डाखाली पत्रा घातला. जितकं यंत्र सुधारत गेलं तितकी अक्षरं स्पष्ट होत गेली, आणि तीच येत राहिली. जाऊ. दमली. एकदा आलं, तिला सांग. ते वाचून त्याने खुर्चीकडे पाहिलं. शिरीषचे डोळे नेहमीसारखे छताच्या कोपऱ्यात लागलेले होते, आणि डबी म्हणत होती, काय लेका, चहा-बिहा घेतलास का.

“कुणाला सांगू?” भरतेशने विचारलं. विचारण्याची गरज नव्हती.

पडद्यावर यायला फार वेळ लागला. या वेळी शिरीषच्या कपाळावर घाम आला होता.

वै जू ला

खोलीत उकडत होतं, असं भरतेशने ठरवलं.

त्या दिवशी त्याने उंबरठा वाढवला. क्षीण ध्वनी म्हणजे खरखर, आणि खरखर गाळणं हे कुठल्याही उपकरणाचं पहिलं काम. उंबरठा वाढवल्यावर पडदा जवळजवळ कोरा पडला. कोऱ्या पडद्याला काही अर्थ नाही म्हणून त्याने मधल्या मोकळ्या नंबरांत चार नव्या ओळी घातल्या. जिथे जोर पुरेसा नसेल, तिथे डबीने काढलेला शब्द घ्यावा. दहा-दहाने नंबर टाकण्याचा असा उपयोग होतो. जे उभं करायला कंपनीला कैक वर्षं आणि दोन हजार माणसं लागली होती, ते भरतेशने चार ओळींत उभं केलं.

प्रोग्रॅम चालवला आणि विचारलं, जायचं की राहायचं? डबी बोलली तसं पडद्यावर आलं.

रा हू

त्याने वैजयंतीला हाक मारली. ती हात पुसत आली, पदराने चष्मा पुसला, आणि पडद्यासमोर उभी राहून ती दोन अक्षरं वाचली. मग पुन्हा वाचली.

“नक्की तोच म्हणतोय ना, भाऊजी?”

“कच्चं आहे, वहिनी. यात मधे कुणी नाही.”

तिने खुर्चीतल्या शिरीषच्या केसांवरून हात फिरवला. त्याच्या तोंडातून लाळ आली होती, ती टिपली. “बरं,” ती त्याला म्हणाली, “राहू मग.” आणि स्वयंपाकघरात जाऊन तिने ऋजुताला फोन लावला. भरतेशला भिंतीपलीकडून तिचा आवाज ऐकू येत होता. ती मुलीची समजूत घालत होती. पडद्यावर डबीचे शब्द येत राहिले. शिरीषच्या घशातून एक घरघर निघाली, तेव्हा भरतेशने त्याला जरा सरळ बसवलं.

महिनाभराने, मदतीची बाई यायच्या आधी, शिरीषला खुर्चीत घेताना वैजयंतीच्या पाठीतून कट्ट आवाज आला आणि दोघंही खाली पडली. तो तिच्या अंगावर पडला. तिला हलता येईना, फोन पलंगावर. ती हाका मारत राहिली, आणि गळ्यातल्या डबीतून शिरीष तिला धीर देत राहिला. आधी पुरवठा बंद कर. घाई करू नकोस. मग निवांत बघू. शेजारच्यांनी नंतर सांगितलं की आवाज येत होते, पण करंदीकर इतके शांतपणे बोलत होते की काही झालं असेल असं वाटलंच नाही.

भरतेश दवाखान्यात गेला तेव्हा वैजयंती शुद्धीवर होती. मणका मोडला होता, खुबाही. शिरीषला खरचटण्यापलीकडे काही नव्हतं. त्याला गुंगीचं औषध देऊन शेजारच्या वॉर्डात ठेवलं होतं. तिने भरतेशला जवळ बोलावलं. सांगण्यासारखं खूप होतं आणि तो सांगण्यासाठीच आला होता. रिक्षात त्याने वाक्य तयार केलं होतं.

“भाऊजी, मी इथे आहे तोवर रविवार चुकवू नका हं. तुम्ही आलात की तो रमतो. ते मशीन वाचून दाखवा त्याला.” मग थोडं थांबून, दुखणं सोसून, ती म्हणाली, “तो राहू म्हणाला, ते मला आवडलं होतं. मला वाटलं, माझ्याशी बोललेलं ते एक तरी.”

भरतेशने मान हलवली. तेवढ्यात डॉक्टर आले. ते उशिरा आले असते तर त्याने सांगितलं असतं, असं तो पुढे स्वतःला सांगू शकला, इतक्या वेळेवर ते आले.

शस्त्रक्रिया नीट झाली. नंतर पायातली गुठळी फुप्फुसात गेली आणि वैजयंती गेली.

ऋजुता आली. तिने सगळं केलं. ती तशी मुलगी होती. शिरीषला घरी आणलं होतं. आलेल्या नातेवाइकांत त्याच्या धीराची चर्चा होती. बायको गेल्याचं ऋजुताने त्याला सकाळी सांगितलं, तर म्हणाला, “जे झालं ते झालं. आता पुढचं बघू.” एक मावसभाऊ म्हणाला, याला म्हणतात स्थितप्रज्ञ. आजाराने माणूस केवढा मोठा झाला.

भरतेश कोपऱ्यात बसला होता. ते वाक्य त्याच्या ओळखीचं होतं. स्मृतीचा पहिला बोर्ड त्याच्या ड्रिलने तडकला, त्या आठवड्यात शिरीषने त्याला ते पाठवलं होतं, असंच, याच सुरात.

त्याने ऋजुताला बाजूला घेऊन विचारलं, तू सांगितलंस तेव्हा बाबा जागे होते का? ती म्हणाली, डोळे मिटलेले होते, पण लगेच उत्तर दिलं की. रात्रीचं गुंगीचं औषध अजून उतरलं नव्हतं बहुतेक. पण उत्तर दिलं ना, काका.

तो उठला आणि शिरीषची खुर्ची मागच्या खोलीत घेऊन गेला. दार लोटलं. कॉम्प्युटर सुरू केला, प्रोग्रॅम चढवला, आणि आपल्या चार ओळी एकेक करून काढल्या. त्या काढल्यावर खूण राहिली नाही. उंबरठा खाली आणला. मग डबीचा आवाज पूर्ण बंद केला.

अक्षरं लगेच यायला लागली. कधीपासून कुणीतरी दारावर थापा मारत असावं तशी.

वै जू

कु ठे

वै जू

कु ठे

ओळ संपली की खाली दुसरी. भरतेशला पडदाभर ते बघवेना, पण बंदही करवेना. त्याने खुर्चीसमोर स्टूल ओढलं आणि टीव्ही डोळ्याच्या कडेला दिसेल असा शिरीषच्या चेहऱ्यासमोर बसला. हेही तो दोन वर्षांत पहिल्यांदाच करत होता. इतके दिवस तो पडद्याकडे तोंड करून बसायचा.

“शिऱ्या,” तो म्हणाला, “वहिनी गेल्या. परवा. दवाखान्यात.”

शिरीषच्या चेहऱ्यावर काही झालं नाही. त्या चेहऱ्यावर काही व्हायची सोयच नव्हती. पडद्यावर अक्षरं थांबली. बाहेरच्या खोलीत कुणीतरी कोइमतूरच्या गाडीचं बोलत होतं. शिरीषची तयारी करायची, सोबत नर्स लागेल, असं काहीबाही. मग पडद्यावर अक्षरांचा लोंढा आला, कुठलीही, एकमेकांवर, एकातूनही शब्द होईना, आणि तो बराच वेळ चालला. भरतेशच्या मनात सवयीने आलं की हा बिघाड असावा. पण हा बिघाड नव्हता, आणि या वेळी त्याला ते कळत होतं.

लोंढा ओसरला. पुढची अक्षरं हळू आली, पण प्रत्येकाचा जोर भरपूर होता.

ति ला

सां गि त लं स

प्रश्नचिन्ह काढायची सोय त्यांनी ठेवली नव्हती. तरी तो प्रश्न आहे हे कळत होतं. शिरीषने इतके रविवार जे एकेक अक्षर रेटून बाहेर काढलं होतं, घाम येईपर्यंत, ते बायकोपर्यंत पोचलं होतं का, एवढंच त्याला हवं होतं. ती ऐकून राहिली, की न ऐकताच गेली.

हो म्हणणं सोपं होतं. हो म्हटलं असतं तर शिरीषला उरलेल्या आयुष्यात एवढं तरी राहिलं असतं की आपण तिच्याशी बोललो आणि तिने ऐकलं. ते कुणाला खोटं ठरवता आलं नसतं. प्रोग्रॅम भरतेशचा, साक्षीदार भरतेश. हे सगळं त्याने पाहिलं. त्याला असंही दिसलं की हो म्हणणं म्हणजे पुन्हा मधल्या मोकळ्या जागेत एक ओळ घालणं, शिरीषला बरं वाटेल अशी.

“नाही,” तो म्हणाला. “मी त्यांना राहू म्हणून दाखवलं. ते तुझं नव्हतं. मी घातलेलं होतं.”

यानंतर पडदा कोरा राहिला. भरतेशने उंबरठ्याला हात लावला नाही. तारा तपासल्या नाहीत. पंखा फिरत होता, बाहेरचा मावसभाऊ निघताना चपला शोधत होता, आणि भरतेश समोर बसून त्या दोन डोळ्यांत बघत राहिला. ते मिटत, उघडत, त्यांच्या मर्जीने.

ऋजुता दार ढकलून उंबऱ्यात उभी राहिली. हातात चहाचा कप, डोळे सुजलेले. टीव्हीची पाठ तिच्याकडे होती. पडदा फक्त भरतेशला दिसत होता. तिने आपल्या वडलांकडे पाहिलं, मग आवाज बंद केलेल्या डबीकडे.

“काका, हे काय? बाबा बोलतायत का काही?”

पडद्यावर नेमकं तेव्हाच येऊ लागलं होतं. अक्षर, जागा, अक्षर. भरतेशने चष्मा सारखा केला आणि ओळ पुरी होईपर्यंत थांबला. टीव्हीचं बटण त्याच्या हाताशी होतं.

“बोलतोय,” तो म्हणाला. “‘ह्याला जायला सांग.’”

ऋजुताने खोलीत इकडेतिकडे पाहिलं. तिला कळलं नसावं असं वाटून त्याने कप तिच्या हातातून घेतला, खाली ठेवला, आणि पुन्हा एकदा नीट सांगितलं.

“ह्याला म्हणजे मला.”